मोठ्या सिस्टरची बोली

१९ जून २०२५, गुरुवार

पोहोचले. नागपूरहून साकोलीपर्यंत एस.टी. आणि पुढे ऑटो. शाळेचं नाव सांगितलं तर ऑटोवाल्याला कळेना. शेवटी म्हणाला, "मोठ्या सिस्टरकडे जाचं, असं म्हना ना!"

मोठी सिस्टर म्हणजे सिस्टर त्रेसिया, इथल्या सुपीरियर, मठाच्या प्रमुख. फाटकातच उभ्या होत्या. पांढरी साडी, हाताला बागेतली माती, सत्तरी कधीच ओलांडलेली. मी वाकले, तर माझी बॅग हातातून घेत म्हणाल्या, "काहून वं, इतका उशीर? जेवली का नाही?"

मी संगमनेरची, मराठी घेऊन एम.ए. केलेली. या मूळच्या केरळच्या, तरुणपणी इथे आल्या त्या इथल्याच झाल्या. मल्याळी हेल काढून बोललेलं हे झाडीपट्टीचं मराठी ऐकताना मला तोंडावर रुमाल धरावा लागला.

मठात आम्ही तिघी. त्या, झारखंडच्या सिस्टर अंजेला, ज्या दवाखाना बघतात आणि हिंदी बोलतात, आणि मी. स्वयंपाकाला रेवताबाई. त्यांचे यजमान धनीराम तलावात मासेमारी करतात. कॅथलिक कुटुंबं गावात अगदी थोडी. शाळेतली मुलं सगळी मासेमार ढिवरांची, बौद्धांची, शेतकऱ्यांची.

निघताना आमच्या संघाच्या नागपूरच्या प्रमुख मदर क्लारांनी सांगितलं होतं, "एक वर्ष काढ. शाळेची घडी बसव. मग तुझं पुण्याचं बघू." पुण्याला एम.एड. करायचं माझ्या मनात किती दिवसांपासून आहे, ते प्रभूलाच ठाऊक. एक वर्ष काय, डोळे मिटून काढीन.

८ जुलै

मुलांच्या मराठीवर फार काम करावं लागणार. आज चौथीत रिंकूला विचारलं, काल का आली नाहीस? म्हणाली, "मामाच्या गावाले गेल्ती बाई, रोवना होता." म्हणजे भाताची लावणी. मी फळ्यावर 'गावाले' लिहून त्यावर काट मारली आणि शेजारी 'गावाला' लिहिलं. सगळ्या वर्गाकडून म्हणून घेतलं. रिंकूने छान म्हटलं. मग हात वर केला.

"मंग मोठी सिस्टर चुकीची बोलते का?"

 मी म्हटलं, चला, पुढचा शब्द.

मोठ्या सिस्टर मला 'लूसी' म्हणतात. माझं नाव वेरोनिका आहे हे किती वेळा सांगितलं. "हो हो" म्हणतात आणि जरा वेळाने पुन्हा लूसी. रेवताबाईंकडून कळलं, लूसी नावाच्या सिस्टर आधी इथे होत्या. त्या वारल्या त्याला बरीच वर्षं झाली. म्हणजे मला माझ्या नावानेसुद्धा इथे राहू द्यायचं नाही. हा स्वभाव कसा सांभाळावा, प्रभू?

१५ ऑगस्ट, शुक्रवार

आज दोन सण. सकाळी मारियेच्या स्वर्गोन्नयनाची मिस्सा आणि लगेच झेंडावंदन. भंडाऱ्याहून फादर मोटरसायकलवर आले ते धुक्यासारख्या पावसात भिजूनच. चॅपल लहान. मुलांना यायची सक्ती नाही, तरी दाराबाहेर गर्दी होती. मिस्सानंतर मोठ्या सिस्टर सगळ्यांना केळी वाटतात, हे त्याचं एक कारण असावं.

झेंडावंदनानंतर त्यांचं भाषण. शाळा मोहाच्या झाडाखाली भरायची, धनीरामच्या वडिलांनी डोंग्यातून तलावापलीकडून फळा आणला आणि वाटेत तो फळा पाण्यात पडून कसा तरंगला, हा किस्सा सांगितला. मुलं हसली. मग त्यांनी तोच किस्सा पहिल्यापासून पुन्हा सांगितला. शब्द न शब्द तोच. मुलं पुन्हा तितकीच हसली. तिसऱ्यांदा "तं आमची शाळा मोहाच्या झाडाखाली..." एवढं म्हटलं आणि गणिताचे अनुप सर टाळ्या वाजवत पुढे झाले, "मोठ्या सिस्टरसाठी जोरदार!" मैदान दणाणलं. सिस्टर खूश होऊन खुर्चीत बसल्या.

अनुप सर स्वतः याच शाळेत शिकलेले. हुशार आहेत, पण इतकी हांजी हांजी बरी नव्हे. इथे सगळेच त्यांच्या भोवती घुटमळतात. त्या बाहेर पडल्या की धनीराम नेमका त्याच वाटेने निघालेला असतो. त्यांनी आमटीला हात लावला की रेवताबाई आधी चव घेऊन बघतात. जणू कोणी राणीच.

७ सप्टेंबर, रविवार

आज सकाळी मोठ्या सिस्टरनी शाळेची घंटा वाजवली. रविवारी! मी धावत गेले. म्हणाल्या, "पोट्टे कोठी हायेत सगळे?" मी म्हटलं, सिस्टर, आज रविवार. माझ्याकडे पाहिलं, घंटेकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मालूम हाये मले. घंटा वाजते का नाही, ते पाहून राह्यली होतो."

घंटा कोणाच्या हातात आहे ते मला दाखवायचं होतं, दुसरं काय. गेल्या आठवड्यात मी वेळापत्रक बदललं, त्याचं हे उत्तर.

गंमत म्हणजे घंटा ऐकून शेजारची दोन-तीन मुलं खरंच दप्तर घेऊन आली होती. त्यांना त्यांनी पेरू दिले.

उद्या मारियेचा जन्मदिन. नऊ दिवस मुली फुलं आणत आहेत. चॅपलमध्ये चिखलाच्या पावलांची रांगोळी झाली आहे.

७ ऑक्टोबर

आज जपमाळेच्या राज्ञीचा सण. संध्याकाळी शाळेपासून तलावाच्या पाळीवरच्या मारियेच्या देवळीपर्यंत मिरवणूक होती. गावातल्या बायका दिवे घेऊन आल्या, त्यांत कॅथलिक हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकीच्यांना 'नमो मारिया' पाठ आहे, ते वर्षानुवर्षं ऐकून.

मोठ्या सिस्टर पुढे म्हणत होत्या, लोक मागून. दहा झाले की थांबायचं असतं, पित्याचा गौरव म्हणायचा असतो. त्या थांबल्याच नाहीत. दहा झाले, वीस झाले. आम्ही देवळीपाशी पोहोचलो, तरी चालूच. लोकही न कुरकुरता म्हणत राहिले. शेवटी मीच मोठ्याने पुढची प्रार्थना सुरू केली. त्या गप्प झाल्या आणि माझ्याकडे वळून बघितलं. वर्गात चुकीचं उत्तर दिलेल्या मुलासारखं.

ती नजर मला आवडली नाही. माझ्याबद्दलच काहीतरी आवडलं नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

लिहायला जमेल का बघते.

दुपारी केरळहून फोन आला. मोठ्या सिस्टरच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचा, अन्नम्मांचा. त्या महिन्या-दोन महिन्यांनी करतात. फोन मी त्यांच्या हातात दिला, स्पीकर चालू करून. पलीकडून मल्याळीत बोलणं सुरू झालं. मोठ्या सिस्टर ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "हो हो, बरी हाये मी. पानी पडून राह्यलं इकडे." पलीकडून पुन्हा मल्याळी, जरा मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून. मला एवढंच कळलं की तेच तेच विचारत आहेत. मोठ्या सिस्टर कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिल्या. मग पलीकडून रडणं ऐकू आलं.

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "घे वं लूसी. कोनी बाई रडून राह्यली. तिले पूस, काय झालं तं."

मी फोन घेऊन उभी राहिले. अन्नम्मा रडत होत्या आणि मला त्यांच्या भाषेतला एकही शब्द येत नव्हता.

स्वयंपाकघरात गेले. रेवताबाई तांदूळ निवडत होत्या. माझ्या तोंडाकडे बघूनच त्यांनी सूप खाली ठेवलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मागच्या सालच्या पोळ्याच्या पयलेपासून," त्या म्हणाल्या. "भाजीत दोनदा मीठ टाके. रस्ता भुले. मंग आमी गावानंच ठरवलं, यकटी सोडाची नाही."

"मला का नाही सांगितलं? मदरना का नाही?"

"सांगतलं असतं तं घेऊन गेले असते ना तिले."

एवढं बोलून त्यांनी पुन्हा तांदूळ निवडायला घेतले.

मी चॅपलमध्ये जाऊन बसले. घंटा, किस्सा, जपमाळ, लूसी. एकेक आठवत होतं. चार महिने एका आजारी म्हातारीशी मी भांडत होते, आणि तिला ते माहीतही नव्हतं.

१७ ऑक्टोबर

भंडाऱ्याला डॉक्टरांकडे नेलं. स्मृतिभ्रंश. डॉक्टरांना एका गोष्टीचं नवल वाटलं. म्हणाले, बहुधा उलटं होतं, माणूस मागून शिकलेलं विसरतो आणि आईची भाषा शेवटपर्यंत राहते. पण मेंदूचं नक्की सांगता येत नाही. मल्याळी गेली, इंग्रजी गेली, हिंदी जवळजवळ गेली. इथली बोली तेवढी जशीच्या तशी.

येताना पितळी भांड्यांच्या दुकानासमोर त्या थांबल्या. दुकानदाराला म्हणाल्या, "काय गा, धंदा कसा हाये?" तो म्हणाला, "बराच हाये, आजी." दोघांची ओळखदेख काही नाही, पण कितीतरी वेळ बोलत उभी.

४ नोव्हेंबर

मदरना सगळं कळवलं होतं. आज त्यांचा फोन. नाताळला त्या स्वतः येणार आणि परत जाताना सिस्टर त्रेसियांना घेऊन जाणार. केरळात आपल्या वृद्ध भगिनींसाठी घर आहे. नर्स आहेत, चोवीस तास देखभाल आहे, बहीणही जवळ राहते. "अपनी मिट्टी में रहेगी," मदर म्हणाल्या. आणि माझं पुण्याचं पक्कं केलं आहे, जूनपासून.

खरं लिहायचं तर पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. सकाळी त्यांना तयार करायचं, दिवसभर लक्ष ठेवायचं, शाळा बघायची, सगळं माझ्यावर. सिस्टर अंजेलांना दवाखान्यातून सवड नसते. मी दमले आहे. त्यांना चांगली काळजी मिळेल. हे बरोबरच आहे.

रेवताबाईंना सांगितलं.  संध्याकाळी भात करपला होता. आजवर कधी करपला नव्हता.

१८ नोव्हेंबर

एक शोध लागला. "सिस्टर, आंघोळीला चला" म्हटलं की त्या हलत नाहीत, नुसत्या बघतात. मला वाटायचं, हट्ट. आज रेवताबाई आत डोकावून म्हणाल्या, "चाला सिस्टर, आंग धुवाले," आणि त्या लगेच उठल्या.

म्हणजे माझं मराठीही आता त्यांना परकं होत चाललं आहे. मग मी रेवताबाईंकडून शब्द विचारून घेतले. 'झोपायला' नाही, 'झोपाले'. 'कशाला' नाही, 'कायले'. आणि बाईनेही 'मी जाते' नाही, 'मी जातो' म्हणायचं. मी म्हणून दाखवलं तर रेवताबाईंनी पदर तोंडावर धरला. संध्याकाळी सिस्टरना म्हटलं, "जेवाले चाला." त्यांनी माझा हात धरला आणि चालू लागल्या. इतकं सोपं होतं.

३० नोव्हेंबर, रविवार

आगमनकाळ सुरू झाला. पहिली जांभळी मेणबत्ती लावली.

नाताळच्या नाटकाचा घोळ. मी ऑगस्टपासून खपून एक छान नाटिका लिहिली होती, शुद्ध आणि सोप्या भाषेत. तालमी चालू आहेत, पण मुलं लाकडासारखी उभी राहतात. रिंकू देवदूत आहे. "हे मारिये, भिऊ नकोस" असं ती म्हणते तेव्हा आपणच भ्यायल्यासारखी दिसते. अनुप सर घसा खाकरून म्हणाले, "सिस्टर, जुनंच करू का? ते सगळ्यांले येते."

जुनं म्हणजे मोठ्या सिस्टरनी पूर्वी बसवलेलं. वर्षानुवर्षं तेच झालंय. लिहिलेलं कुठेच नाही, मोठ्या भावंडांकडून धाकट्यांकडे आलेलं. मी म्हटलं, दाखवा बघू. मुलांनी उभ्या उभ्या करून दाखवलं. त्यात मेंढपाळ नाहीतच, तलावात जाळं टाकणारे ढीवर आहेत. धर्मशाळेचा मालक योसेफाला म्हणतो, "जागा नाही गा, मंडईचे पाहुने भरले हायेत घरात!" मंडई म्हणजे इथली दिवाळीनंतरची जत्रा. ज्ञानी लोक येतात ते साकोलीच्या बसमधून उतरून.

मी हसता हसता बाकावर बसले. मग लक्षात आलं, मोठ्या सिस्टर दारात येऊन उभ्या आहेत. एकेका मुलाचं वाक्य त्याच्याआधी त्यांच्या ओठांवर येत होतं. चेहरा असा की मी त्यांना या घरात इतकं जागं कधी पाहिलं नव्हतं.

माझी नाटिका बाजूला ठेवली. वाईट वाटलं, थोडंसं.

९ डिसेंबर

आज सकाळची गोष्ट. उठून बघते तर मोठ्या सिस्टरची खोली रिकामी, फाटक उघडं. सिस्टर अंजेला एका बाजूला धावल्या, मी दुसऱ्या. मुलं शाळेत येऊन राहिली होती, तीही शोधायला लागली. तलावाच्या पाळीवर चढले आणि बघते तर मधोमध डोंगा. त्यात वल्हं मारत धनीराम, आणि समोर पांढऱ्या साडीतल्या सिस्टर, मांडीवर शिंगाड्यांचा ढीग घेऊन.

डोंगा काठाला लागला. धनीराम म्हणाला, "पाळीवर यकटीच उभी होती. म्हने मले पानी पाहाचं हाये. म्हटलं, चाल मंग."

माझा जीव असा काही वर-खाली झाला होता की मी सिस्टरना चांगलंच फटकारलं. काय बोलले ते आठवत नाही, पण माझ्या मागे उभी असलेली मुलं खो खो हसत सुटली. मी रागावले असताना ती कधी हसत नाहीत. अनुप सरांना नंतर विचारलं, मुलं का हसली? ते म्हणाले, "काही नाही सिस्टर. तुमी बेस बोलल्या, आमच्यावानीच."

मोठ्या सिस्टरनी मला एक शिंगाडा सोलून दिला. गोड होता.

१९ डिसेंबर

मदर २४ ला येणार. मोठ्या सिस्टरचं सामान बांधायला घेतलं. दोन साड्या, एक शाल, जपमाळ, चष्मा. बॅग अर्धीही भरली नाही.

त्या कॉटवर बसून बघत होत्या. "कोठी चालली वं?" त्यांनी मला विचारलं.

"मी नाही," मी म्हटलं.

"मंग कोन?"

मी साड्यांच्या घड्या पुन्हा घालत बसले. एकच गोष्ट डोक्यात फिरून राहिली आहे. तिकडे नर्स असतील, औषधं असतील, बहीण असेल. आणि यांना तहान लागली तर या काय म्हणतील? कोणाला कळेल?

मदरशी बोलायला हवं. पण आज्ञापालनाचं व्रत मी घेतलं आहे, आणि पुणं मदरच्याच हातात आहे. दोन्हींतलं कुठलं कारण मला गप्प ठेवतंय हे मलाच कळत नाही. आज प्रार्थनेत मन लागलं नाही.

२५ डिसेंबर, नाताळ

काल संध्याकाळी मिस्सा झाली आणि लगेच नाटक. अंगणात भाताच्या तणसाची गव्हाण केली होती. थंडी मरणाची, तरी सगळं गाव होतं. अनुप सरांचे आईवडीलही घोंगडी पांघरून पुढे बसले होते. मोठ्या सिस्टर पहिल्या रांगेत, शेजारी मदर.

डिंपल मारिया. रिंकू देवदूत, पाठीला पुठ्ठ्याचे पंख. ती रंगमंचावर आली, समोर नागपूरहून आलेल्या मदर दिसल्या आणि तोंड उघडं ते उघडंच. एक शब्द फुटेना. डिंपल गुडघ्यावर बसून वाट बघत होती. लोक कुजबुजायला लागले. मी पडद्याआडून वाक्य पुरवणार, तेवढ्यात मोठ्या सिस्टरचा आवाज आला. खणखणीत.

"भेवू नोको, माय. तुले लेकरू होनार हाये. आनंदाची गोष्ट हाये, रडतेस कायले?"

रिंकूने श्वास घेतला आणि तेच म्हटलं, हात उंच करून. गावाने टाळ्या वाजवल्या.

मदर माझ्याकडे वळल्या. "इन्होंने क्या कहा?" मी सांगितलं. मदर मग सबंध नाटकभर रंगमंचाकडे कमी आणि सिस्टर त्रेसियांकडे जास्त बघत होत्या.

नाटकानंतर गावातल्या बायका एकेक करून सिस्टरच्या पाया पडायला आल्या. त्या जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. सिस्टर प्रत्येकीला विचारत होत्या, "धान झाला का घरी? पोट्टा कसा हाये?" नाव एकीचंही आठवत नव्हतं, पण विचारायचं काय ते मात्र चुकलं नाही.

२६ डिसेंबर

नीट लिहिते.

सकाळी नाश्त्यानंतर मदर, मोठ्या सिस्टर आणि मी व्हरांड्यात. बॅग दाराशी. गाडी दुपारी येणार होती. मदरही मूळच्या केरळच्या; त्या त्यांच्याशी मल्याळीत बोलल्या, हात हातात घेऊन, फार मायेने. त्यांच्या गावाचं नाव घेतलं, अन्नम्मांचं नाव घेतलं. मोठ्या सिस्टरनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग माझ्याकडे वळल्या.

"ही बाई चांगली दिसते. काय म्हनून राह्यली?"

मदरनी डोळे मिटले. मग हिंदीत मला म्हणाल्या, "पूछो, घर जाना है क्या."

मी विचारलं, "सिस्टर, मदर पुसून राह्यल्या, घरी जाचं हाये का तुमाले?"

मोठ्या सिस्टर हसल्या. अगदी लहान मुलाचं वेड्यासारखं बोलणं ऐकून हसावं तसं. "घरीच तं आहो ना मी. आता आनखी कोन्या घरी जाऊ?"

मी मदरना सांगितलं. त्यांनी अंगणाकडे पाहिलं. तिथे रेवताबाई नाटकातली तणस गोळा करत होत्या. ते काम एव्हाना संपायला हवं होतं, पण त्या तिथून हलत नव्हत्या.

मी बोलले. व्रत आठवत होतं, तरी बोलले. म्हटलं, मदर, त्यांना तिथे सगळं मिळेल, पण पाणी मागता येणार नाही. इथे त्या हरवल्या तर गाव शोधून आणतं. तिथे त्या खुर्चीत बसून हरवतील.

मदर म्हणाल्या, "और देखेगा कौन? अंजेला दवाखाना छोड़ नहीं सकती. जून में तुम पुणे जा रही हो."

"मी राहतो ना, मदर."

 मदरना पुस्तकी मराठी बऱ्यापैकी कळतं. म्हणाल्या, "क्या कहा? फिर से कहो."

"मी राहतो इथं."

त्या हसल्या. मोठ्याने, डोळ्यांतलं पाणी पुसत. का हसल्या ते मला कळलं नाही, मी तर अगदी गंभीरपणे म्हटलं होतं. म्हणाल्या, "ठीक है. रहो. पुणे मैं किसी और को भेजूँगी." मग हसू थांबवून सावकाश म्हणाल्या, सोपं नाही हे, दोन वर्षं लागतील की दहा, कोणी सांगू शकत नाही, नंतर मला दोष देऊ नकोस.

मी बॅग उचलून आत नेली. परत आले तर अंगणात तणस तशीच पडली होती आणि रेवताबाई नव्हत्या. जरा वेळाने धनीराम एक मोठी मरळ घेऊन आला. मदरच्या जेवणासाठी, म्हणाला.

११ जानेवारी

अन्नम्मांचा फोन. मदरनी त्यांना सगळं समजावलं आहे म्हणे. आज त्या रडल्या नाहीत. नुसत्या बोलत राहिल्या, मल्याळीत. मोठ्या सिस्टरही बोलत राहिल्या, आपल्या बोलीत, शिंगाड्यांचं, थंडीचं, मांजरीच्या पिलांचं. एकीचं संपलं की दुसरी सुरू. कोणाला काही कळत नव्हतं आणि दोघी हसत होत्या. मी फोन धरून उभी होते, हात दुखला तरी.

१८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

आज मन पुण्यात होतं. माझ्या जागी कोण जाणार ते कळलं. माझ्याहून लहान आहे. चांगली आहे.  फादरनी कपाळाला राख लावली, "तू माती आहेस" म्हटलं, आणि मला वाटलं, हो ना, मातीच झाली माझ्या शिक्षणाची. असं वाटायला नको, पण वाटलं.

मोठ्या सिस्टर मला लूसीसुद्धा म्हणत नाहीत आता. मी कोण ते त्यांना ठाऊक नाही. मिस्सानंतर त्यांनी मला जवळ बोलावलं, पदराचं टोक थुंकीने ओलं केलं आणि माझ्या कपाळावरची राख घासून पुसून टाकली. "तोंड तं धूत जा वं. मळून राह्यलं."

फादर बघत होते. त्यांनी दुसऱ्यांदा लावली नाही.

२१ मार्च

चौथीच्या मुलांना बोलीतले शब्द गोळा करून आणायला सांगितलं होतं. फळा भरला, भिंतीवर कागद लावावे लागले. रिंकूने सर्वांत जास्त आणले. तिने विचारलं, यावर काट मारनार का? मी म्हटलं, कायले?

मोठ्या सिस्टर आता चालत नाहीत फारशा. खुर्ची वर्गाच्या दाराशी ठेवतो. मुलं येता-जाता काहीतरी हातात देऊन जातात. मोहाची फुलं, खडू, कैरी.

५ एप्रिल, पुनरुत्थानाचा रविवार

प्रभू उठला आहे. पहाटेची मिस्सा झाली, अंगणात सगळ्यांची जेवणं. भात, मासळीचा रस्सा, बौद्ध वाड्यातून आलेली बुंदी. मी वाढण्यात होते. हातात भाताची परात, तोंडावर घाम, पदर कंबरेला खोचलेला. मोठ्या सिस्टरच्या खुर्चीसमोरून जाताना त्यांनी माझं मनगट धरलं.

कितीतरी वेळ तोंड न्याहाळलं माझं. गेल्या आठवड्यात त्या काही बोलल्याच नव्हत्या, म्हणून मी परात खाली ठेवून बसले.

"तू कोनाची वं?" त्यांनी विचारलं.

 सिस्टर वेरोनिका म्हणू? संगमनेरच्या पाथऱ्यांची म्हणू? त्यांना यातलं काय कळणार. 

पंगतीच्या टोकाकडून रेवताबाई ओरडल्या, "आपलीच हाये ते, सिस्टर!"

मोठ्या सिस्टरना पटलं. त्यांनी मान हलवली, माझं मनगट सोडलं आणि रेवताबाईंना रागावल्या, "मंग तिले जेवाले दे ना. उभी काहून ठेवली?"

कोणीतरी माझ्यासमोर पत्रावळ टाकली. मी तिथेच, त्यांच्या खुर्चीला टेकून, जेवले.